चार बोटं लांब

आमच्या धाकट्या भावजींना सगळे 'थांबा' म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं ते कोणाला आठवत नाही, पण ठेवणाऱ्याचा काही दोष नाही. भावजी वायरमन. कुठेही कामाला गेले की त्यांचा पहिला शब्द तोच. मालकाचा हात स्विचकडे गेला, थांबा. कामगाराने स्टूल सरकवलं, थांबा. मी तर म्हणायची, भावजींपुढे ताट वाढलं तरी ते आधी हात वर करतील आणि ताटाखाली वाकून बघतील. तोंडावर म्हणायची, पाठीमागे नाही. दिराची थट्टा वहिनीने नाही करायची तर कोणी करायची?

आमची लाँड्री आहे. आमचे हे पुढे गल्ल्यावर बसतात आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलतात. मी मागे मशिनांपाशी असते आणि खरं बोलते. त्यामुळे भावजींचं काम मी जितक्या जवळून पाहिलं आहे तितकं त्यांच्या सख्ख्या भावानेही पाहिलेलं नाही.

त्यांची रीत अशी. मोटरीला हात लावायच्या आधी टेस्ट लॅम्प चालू लाइनवर धरून बघायचा. पेटला? ठीक. मग मेन स्विच बंद करायचा आणि तिन्ही फ्यूज उपटून स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकायचे. मग तोच दिवा बंद केलेल्या तिन्ही वायरींवर एकेक करून लावायचा. पेटत नाही? तरी भावजींचं समाधान नाही. पुन्हा उठून दुसऱ्या चालू लाइनवर तो दिवा पेटवून बघायचा, मधल्या मध्ये दिव्याचंच तर काही झालं नाही ना! मी एकदा वैतागून म्हटलं, "भावजी, एवढा संशय बायकोवर घेतला असता तर ती माहेरी गेली असती."

ते हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, दिवा खोटं बोलत नाही. पण कधी कधी गप्प बसतो. त्याच्या गप्प बसण्यावर विसंबून हात घातला की माणूस मरतो."

हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं होतं. पुढे ते मला फार आठवलं.

ते फ्यूज म्हणजे चिनी मातीचे जड ठोकळे. शर्टाचे खिसे लोंबायचे, मग फाटायचे, आणि शिवायचं काम माझ्या गळ्यात. एकदा बर्फाच्या कारखान्याचे फ्यूज खिशात घेऊन भावजी सरळ जेवायला घरी आले. मालक मागोमाग धापा टाकत आला, "अहो, निदान फ्यूज तरी ठेवून जायचे! माझा बर्फ वितळतोय." भावजींनी सावकाश हात धुतले आणि त्याच्याबरोबर परत गेले. फ्यूज मात्र त्याच्या हातात दिले नाहीत. ज्याने काढले त्यानेच लावायचे, हा त्यांचा कायदा. माझा हात मशीनमध्ये असताना दुसऱ्याने फ्यूज लावले तर, म्हणायचे.

आणखी एक वेड होतं, अर्थिंगच्या वायरीचं. मोटरीच्या अंगावर एक लोखंडी डबी असते, तिच्यात सगळ्या वायरी येऊन जोडल्या जातात. करंटच्या तीन वायरी असतील त्यांच्यापेक्षा अर्थिंगची हिरवी वायर भावजी चार बोटं लांब ठेवायचे, छान वळसा देऊन. मला वाटायचं, उगाच वायरीची नासाडी. पण त्यांनी समजावलं. उद्या केबलला हिसका बसला, सगळं उपटून निघालं, तर त्या तीन आधी सुटाव्यात. जीव राखणारी वायर सगळ्यात शेवटी सुटायला हवी.

जाऊबाई लवकर गेली. तिची मुलगी आमच्या घरात वाढली म्हणा, नाहीतर मोटरींच्या घोळक्यात वाढली म्हणा, दोन्ही खरंच. तिला आम्ही बारकी म्हणतो. उंचीने ती बापाच्या वर गेली, रीतसर शिकून परवाना घेऊन आली, तरी बारकीच. मग दोघं बरोबर कामाला जायला लागली. बाप पुढे, लेक मागे, दोघांच्या हातात सारख्या पिशव्या, आणि मला आता दोघांचे खिसे शिवायला आले, कारण हिनेही कुडत्याला खिसा लावून घेतला होता.

पण एक गोष्ट भावजींनी सोडली नाही. काम बारकीचं असलं तरी डबीचं झाकण तेच लावणार. लावायच्या आधी आत बॅटरी मारून एकूण एक नट तपासणार, वायर बोटाने ओढून बघणार. चूक सापडली तर तासभर बोलणार. नाही सापडली तर एक अक्षर नाही. झाकण लावलं म्हणजे काम बरोबर आहे असं आपण समजून घ्यायचं.

बारकी माझ्याकडे येऊन कुरकुर करायची. "काकू, तपासू देत ना, मी कुठे नाही म्हणते? पण एकदा तोंडाने 'बरोबर आहे' म्हटलं तर ह्यांच्या जिभेला शॉक बसतो का गं?"

"तुझ्या आईने भाजी केली की पण असेच गप्प जेवायचे," मी म्हटलं. "ती बिचारी रिकाम्या ताटाकडे बघून खूश व्हायची."

"मी नाही होणार," बारकी म्हणाली.

मग ते वखारीचं झालं. लाकडाच्या वखारीत करवतीच्या मशीनला नवी मोटर बसवायची होती. बारकीने बसवली, संध्याकाळी चालवून दाखवली, मालकाने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी जाड ओंडका करवतीवर चढवला तशी मोटर गुरगुरायला लागली, आणि कोणी धावेपर्यंत जळक्या वार्निशच्या वासाने वखार भरून गेली. मोटर खलास. मालकाने दोघांना बोलावून घेतलं आणि चार माणसांत सुरू झाला. बायकांच्या हातात मोटरी दिल्या की हेच होणार, वगैरे. असल्या वेळी लोकांच्या तोंडाला कुलूप कुठून आणायचं?

बारकीने फ्यूज काढले, दिवा लावून बघितला, डबी उघडली. आत बघितलं. मग वळून बापाकडे बघितलं. भावजी खाली जमिनीकडे बघत होते. बारकीने झाकण लावलं. त्या दिवशी पहिल्यांदा झाकण तिने लावलं. आणि मालकाला म्हणाली, "चूक माझी आहे. मी मोटर भरून देते."

भरून दिलीही. आणि मग तिने दूरच्या एका शहरात शीतगृहात नोकरी धरली. मी खूप विचारलं, तिने सांगितलं नाही. "काकू, पगार चांगला आहे," एवढंच. गाडीत बसताना तिने मला घट्ट मिठी मारली, बापाला वाकून नमस्कार केला. भावजींचा हात वर आला, आशीर्वादाला की आणखी कशाला, ते कळेपर्यंत तो परत खाली गेला.

त्यानंतर भावजी पार बदलले. पंखे, दिवे, घरातली बटणं, एवढंच करायला लागले. मोटरीचं काम आलं की म्हणायचे, दुसरा बघा. बारकीची पिशवी त्यांनी खुंटीवर तशीच ठेवली होती. मी एकदा झाडताना खाली काढली तर आतले पाने तेल लावून पुसलेले, एकावर गंजाचा ठिपका नाही. नवी चिकटपट्टी आणायला गेले तर अजूनही दोन आणायचे. दुपारी लांबची गाडी येण्याच्या सुमाराला काहीतरी निमित्त काढून लाँड्रीत यायचे आणि रस्त्याकडच्या बाकावर बसायचे. त्या गाडीने कोणी यायचं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी चहा पुढे करायची आणि तोंड बंद ठेवायची. मला ते फार जड जातं.

फोन व्हायचा. नाही असं नाही. "जेवलीस?" "हो. तुम्ही?" "हो." मग दोघंही फोन कानाला लावून नुसती बसलेली. एवढे पैसे मोबाइल कंपनीला कशासाठी द्यायचे, मी म्हणते. पण भावजी फोन ठेवल्यावरही तो हातातच धरून बसायचे, थंड होईपर्यंत.

आणि मग आमच्या कपडे पिळायच्या मशीनची मोटर गेली. बेअरिंग अडकलं, आतलं तारांचं वाइंडिंग जळलं. ओल्या चादरींचे ढीग लागले. नवी मोटर आणली. भावजींना म्हटलं, "चला, उठा."

"दुसरा बघा, वहिनी."

माझं डोकं फिरलं. "घरचा वायरमन असताना दुसरा बघू? गाव तोंडात शेण घालेल माझ्या. काय झालंय काय तुम्हाला? एका मोटरीने पोरीला घालवलं, दुसरीने मला वेड लागायची वेळ आणली!"

ते चादरींच्या गाठोड्यावर बसले. बराच वेळ हाताची बोटं चोळत राहिले. मग म्हणाले, "वखारीतली मोटर बारकीने नाही जाळली. मी जाळली."

त्यांनी सांगितलं ते असं. डबीच्या आत पितळी पट्ट्या असतात. उभ्या लावल्या की एक जोडणी, तिला डेल्टा म्हणतात. आडव्या लावल्या की दुसरी, ती स्टार. कुठल्या मोटरीला कुठली, ते मोटरीवरच्या पाटीवर कोरलेलं असतं. बारकीने पाटी वाचून पट्ट्या उभ्या लावल्या होत्या. संध्याकाळी मोटर चालली, ती हात धुवायला गेली, आणि भावजींनी सवयीप्रमाणे तपासायला फ्यूज काढून नुसतं टेकवून ठेवलेलं झाकण उघडलं. मोटर दिसायला लहान. त्यांच्या हातांना उभा जन्म एकच ठाऊक, लहान मोटर म्हणजे स्टार. पोरीची चूक सापडली असं त्यांना वाटलं. चारचौघांत बोलून तिला लाजवायला नको, म्हणून त्यांनी गुपचूप पट्ट्या आडव्या केल्या. त्याने मोटरीचा जोर तिसऱ्या हिश्श्यावर आला. मोकळी छान फिरली. ओंडका आला तशी तापली आणि जळली.

"पाटी वाचली नाही मी," भावजी म्हणाले. "सगळ्या जगाला थांबा म्हणतो, आणि एक पाटी वाचायला थांबलो नाही."

"ते जाऊ द्या. चूक माणसाकडून होते. पण त्या मालकाने पोरीला बोल लावले तेव्हा तुम्ही मूग गिळून बसलात?"

"तोंडातून शब्दच फुटला नाही, वहिनी. तिने झाकण उघडलं, आडव्या पट्ट्या बघितल्या. तिला कळलं. मी बोलेन म्हणून ती वाट बघत होती. मला दिसत होतं, ती वाट बघतेय. आणि मी गप्प बसलो." ते परत बोटं चोळायला लागले. "तिच्याशिवाय माझा दिवस जात नाही. फोनवर सांगावं म्हणतो, तर जेवलीस का याच्या पुढे गाडी जात नाही."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी पदराने हात पुसले आणि त्यांच्या देखत फोन लावला. "बारके, मशीन बंद पडलंय. तुझा बाप हात लावत नाही आणि परक्याला मी लावू देणार नाही. ये."

पलीकडून ती म्हणाली, "तुझ्यासाठी येते, काकू. मोटर लावीन आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाईन."

आली. जरा वाळली होती. मी म्हटलं, तर म्हणाली, शीतगृहात भाज्या टिकतात, माणसं नाही. बापाला नमस्कार केला. भावजींनी तिची पिशवी खुंटीवरून काढून पुढे केली. तिने उघडली, आतले चकचकीत पाने बघितले, एक उचलून हातात फिरवला, आणि पिशवी खांद्याला लावली.

कामाला लागली तशी आमच्या इस्त्रीवाल्याने वाट करून द्यायला टेबल सरकवायला घेतलं. मागून आवाज आला, "थांबा!" आम्ही सगळ्यांनी भावजींकडे बघितलं. ते तर दाराशी गप्प उभे होते. थांबा म्हणणारी बारकी होती. हसू कसं दाबलं ते माझं मला ठाऊक.

पुढे सगळं तसंच. दिवा चालू लाइनवर. मेन बंद. फ्यूज खिशात. दिवा बंद लाइनवर, पुन्हा चालूवर. मोटरीचं इन्सुलेशन, म्हणजे करंट बाहेर फुटत नाही ना, ते मीटर लावून तपासलं. मग ओल्या फडक्याने मोटरीवरची पाटी पुसून मोठ्याने वाचली, जणू कोणाला तरी ऐकवायची होती. "डेल्टा," म्हणाली, आणि पट्ट्या उभ्या बसवायला घेतल्या. मोटर तशी लहानच होती. भावजींचा एक हात दुसऱ्या हातात घट्ट धरलेला होता.

इस्त्रीवाला आमचा माणूस चांगला, पण जीभ सैल. म्हणाला, "जपून गं बारके. वखारीसारखा धूर काढशील, माझ्या इस्त्रीच्या चादरी आहेत इथे."

बारकीचा पाना थबकला. तिने मान वर केली नाही.

"थांबा," भावजी म्हणाले. या वेळी खरंच तेच. आत आले. पुढच्या गल्ल्यावरची दोन गिऱ्हाइकंही डोकावून बघत होती, तरी थांबले नाहीत. "वखारीतली मोटर हिने नाही जाळली. हिचं काम बरोबर होतं. मी मागाहून झाकण उघडलं आणि पट्ट्या बदलल्या. पाटी न वाचता. मोटर मी जाळली, आणि बोलणी हिने खाल्ली. मी तिथे उभा होतो आणि गप्प बसलो. उद्या वखारीतही जाऊन सांगणार आहे."

इस्त्रीवाल्याने उगाच एक घडी केलेली चादर उलगडून परत घडी घातली. बारकी डबीत डोकं घालून तशीच बसली होती. मग तिचा पाना हळूहळू फिरायला लागला. एक नट, दुसरा नट. हिरवी वायर तिने चार बोटं लांब ठेवली, वळसा दिला, स्क्रू आवळला. मग नाक ओढलं, झाकण उचललं आणि बापापुढे धरलं.

"बघून घ्या."

"नको," भावजी म्हणाले. "तू लावलंस ना. मी आता नाही बघणार."

"बघा, बाबा." तिचे डोळे भरले होते आणि ती रागावलेलीही होती. "कोणीतरी बघायला लागतंच. तिथे माझं कोणी बघत नाही. एकटीच लावते, एकटीच तपासते, आणि झाकण लावलं तरी खोलीवर जाऊन डोक्यात तेच घोळत राहतं. बघा. फक्त बघितल्यावर बोला."

भावजी गुडघ्यावर बसले. चष्मा पुसला. बॅटरी मारली. पट्ट्या बघितल्या, पाटी वाचली, परत पट्ट्या बघितल्या. एकेक वायर बोटाने ओढली. हिरव्या वायरीच्या वळशावर त्यांचं बोट जरा जास्तच वेळ राहिलं. मोटर बघायला इतकी माणसं मी कधी पाहिली नव्हती.

"बरोबर आहे," भावजी म्हणाले. मग परत म्हणाले, "सगळं बरोबर आहे. छान झालंय काम."

बारकीने ओढणीने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मग लावा झाकण."

त्यांनी लावलं. फ्यूज तिने तिच्या खिशातून काढून लावले, तिने काढले होते ना! पट्टा चढवायच्या आधी मोटर क्षणभर फिरवून दिशा बघितली. मग मशीन सुरू झालं, आणि चादरी पिळून निघायला लागल्या.

मला वाटलं होतं ती राहील. भावजींनाही वाटलं असणार, कारण त्यांनी तिची पिशवी परत खुंटीवर लावायला उचलली होती. पण नोकरी म्हणजे नोकरी. शीतगृहात तिच्या जबाबदारीवर सगळी मशिनं होती. संध्याकाळच्या गाडीने ती गेली. पिशवी मात्र घेऊन गेली. भावजी गाडीच्या खिडकीशी उभे राहून म्हणाले, "राहिली असतीस दोन दिवस." एवढं तरी म्हणाले. ती म्हणाली, "येईन बाबा." गाडी वळणाआड गेली तरी ते तिथेच. मी बाहीला धरून घरी आणलं.

भावजी आता परत मोटरी लावतात. वखारीत जाऊन सांगून आले. मालकाने काय म्हटलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुपारच्या गाडीला बाकावर येऊन बसणं मात्र सुटलेलं नाही.

पण आता फोन वेगळा येतो. बारकीने शीतगृहात एखादी मोटर लावली की झाकण लावायच्या आधी ती व्हिडिओवर फोन करते आणि डबी दाखवते. भावजी माझ्या लाँड्रीत बसून, चष्मा कपाळावर ढकलून, फोन नाकाला लावून बघतात. आधी विचारतात, "फ्यूज कुठायत?" ती खिशावर हात मारते, आतून खडखड ऐकू येते. मग पाटी दाखव, पट्ट्या दाखव, हिरवी दाखव.

"बरोबर आहे," ते म्हणतात. हल्ली हा शब्द त्यांना पाठ झाला आहे.

काल तसाच फोन आला. मी त्यांच्या मागे उभी राहून चादर घडी करत होते आणि बघतही होते. इतकी वर्षं ह्या बापलेकीचं काम पाहिल्यावर मलाही थोडं कळतं. काम अगदी साफ होतं.

"मग लावू झाकण?" बारकीने विचारलं. झाकण लावलं की फोन बंद, हे तिघांनाही माहीत होतं.

"थांब," भावजी म्हणाले. "ती डावीकडची परत एकदा दाखव."

डावीकडची चांगली घट्ट होती. मला इथून दिसत होती. भावजी तिकडे बघतही नव्हते. फोनच्या कोपऱ्यात बारकीचा अर्धा चेहरा येत होता, ते तिथे बघत होते.

"दाखवते, बाबा," ती म्हणाली, आणि फोन हळूहळू डावीकडे नेला, आणि मग उजवीकडची पण दाखवली, ती त्यांनी मागितली नव्हती तरी.